अनेक खंड, एक शरीर

ऐक्य म्हणजे सारखेपणा काय? दोन माणसे एक व्हावयाची, तर त्यांच्यामधील सर्व भेद नाहीसे झाले पाहिजेत काय? आणि भेद राहिले, तर त्यांतून उच्चनीचपणा हटकून उत्पन्न होतोच काय? हे तीन प्रश्न केवळ पंडितांनी वादासाठी घ्यावयाचे नाहीत. ज्या खेड्यात दहा-पंधरा ख्रिस्ती कुटुंबे आहेत आणि ती दोन निरनिराळ्या वस्त्यांतून आलेली आहेत, तेथे हेच प्रश्न दर रविवारी उभे राहतात. उपासनेच्या वेळी सतरंजीवर कोण कोठे बसतो, प्रभुभोजनाचा प्याला कोणाच्या हातून कोणाच्या हाती जातो, लग्नसराईत सोयरिकीचा निरोप कोणाच्या दारी जातो व कोणाच्या दारावरून पुढे जातो, हे ज्याने डोळे उघडे ठेवून पाहिले, त्यास या प्रश्नांचे वजन सांगावे लागत नाही. म्हणून त्यांचा विचार आम्ही येथे करू इच्छितो. आणि तो करण्यासाठी वाचकांस आम्ही एका अगदी क्षुद्र गणलेल्या जीवाकडे, म्हणजे शेतातील गांडुळाकडे, व त्याच्या गणगोताकडे घेऊन जाणार आहो.

प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात मंडळीस शरीराची उपमा दिली आहे, हे वाचकांस ठाऊकच आहे. उपदेशक ती वारंवार सांगतात. पण ती ऐकताना कित्येकांच्या मनात एक शंका येते, आणि ती ते बहुधा बोलून दाखवीत नाहीत. आपल्या देशात शरीराची उपमा काही नवी नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्तात चार वर्णांचे वर्णन विराट पुरुषाच्या देहावरूनच केले आहे: मुख ते ब्राह्मण, बाहू ते क्षत्रिय, मांड्या ते वैश्य, आणि शूद्र झाले ते पायांपासून. ज्यांच्या वाडवडिलांस त्या देहात पायाचीसुद्धा जागा मिळाली नाही, ज्यांस गावकुसाबाहेर ठेवले, त्यांस आपण सर्व एका शरीराचे अवयव आहो असे सांगितले, तर ते मनात म्हणणारच की, शरीर एक खरे, पण त्यात आम्ही कोण? पुन्हा पायच ना? ही शंका अविश्वासाची नाही. ती अनुभवाची आहे, आणि अनुभवाच्या शंकेस उत्तर दिले पाहिजे.

उत्तर शोधण्यापूर्वी एक सावधगिरी. जनावराकडे पाहून नीती शिकावी काय? नीतिसूत्रांच्या कर्त्याने आळशास मुंगीकडे धाडले, हे खरे. पण मुंगीच्या कित्येक जाती दुसऱ्या मुंग्यांच्या वारुळावर दरोडा घालून त्यांची पिले पळवितात व त्यांस आपल्या चाकरीस लावितात. मांजरी कधी कधी आपलीच पिले खाते. सृष्टीत जे जे घडते ते ते माणसाने करावे असे म्हटले, तर चोरी आणि हत्या यांसही आधार सापडेल. म्हणून गांडूळ आम्हांस आज्ञा देऊ शकत नाही. आज्ञा देणारा दुसरा आहे. मग गांडुळाचा उपयोग काय? उपयोग हा की, ते साक्ष देऊ शकते. "काम वेगळे म्हणजे घडण वेगळी, आणि घडण वेगळी म्हणजे पायरी वेगळी, ही तर सृष्टीचीच रीत आहे," असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा तो सृष्टीस साक्षीदार म्हणून पुढे करीत असतो. अशा वेळी त्या साक्षीदाराची उलटतपासणी करण्याचा अधिकार आपल्यास आहे. जी गोष्ट सर्वत्र खरी म्हणून सांगितली, तिच्या विरुद्ध एक खरे उदाहरण निघाले, तरी ती सर्वत्र खरी राहत नाही.

आता गांडुळाकडे वळू. मृगाचा पाऊस पडून जमीन भिजली की ते बांधाकडेला व उकिरड्याजवळ दिसू लागते. कोणी त्यास दानवे म्हणतात, कोणी काडू म्हणतात. हल्ली गांडूळखतामुळे त्याची प्रतिष्ठा पुष्कळ वाढली आहे. पण खत करणारांतही त्याचे शरीर नीट पाहिलेले थोडेच. आपल्या देशात सर्वत्र आढळणाऱ्या एका जातीच्या गांडुळावर लखनौ विद्यापीठातील प्राणिशास्त्राचे अध्यापक कर्म नारायण बहल यांनी १९२६ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यावरून पुढे अनेक पिढ्यांतील विद्यार्थी हे शास्त्र शिकले. या गांडुळाचे शरीर शंभर ते एकशेवीस वळ्यांचे असते. वळी म्हणजे वरवरची रेघ नव्हे. प्रत्येक वळी हा एक खंड आहे, आणि एका खंडापासून दुसरा खंड आतून एका पातळ पडद्याने वेगळा केलेला असतो. अगदी पुढचे चार खंड आणि मध्ये एक जागा सोडली, तर हे पडदे शेपटीपर्यंत एकामागून एक लागलेले आहेत.

हे पडदे कशासाठी? गांडुळास हाड नाही. त्याच्या अंगात पाणी भरलेले असते, आणि त्या पाण्याभोवती स्नायू असतात. काही स्नायू कड्यासारखे आडवे, काही लांबीच्या दिशेने उभे. आडवे स्नायू आवळले की खंड बारीक होऊन लांबतो. उभे स्नायू आवळले की तो आखूड होऊन फुगतो. आखूड झालेले खंड आपल्या बारीक केसांसारख्या काट्यांनी मातीस घट्ट धरतात, आणि लांबलेले खंड पुढे सरकतात. अशी लाट अंगावरून जात राहते व गांडूळ चालते. आता समजा, आत पडदे नसते. पाण्याने भरलेली पखाल एका बाजूने दाबली असता दुसऱ्या बाजूस फुगते, तसे झाले असते. एका ठिकाणचा जोर भलत्याच ठिकाणी गेला असता, आणि इतक्या सुबकपणे एकेका खंडास स्वतंत्र हलविता आले नसते. पडदा आहे म्हणूनच प्रत्येक खंडास स्वतःचे बळ आहे.

आमच्या शेतकरी वाचकांस हे वाफ्याच्या दृष्टांताने सहज कळेल. प्रवरेच्या कालव्यावर काय किंवा विहिरीच्या पाटावर काय, पाणी द्यावयाचे म्हणजे आधी वाफे बांधावे लागतात. बांध नसेल तर सगळे पाणी उताराकडे धावते. वरचा भाग कोरडा राहतो व खालचा भाग कुजतो. म्हणून बांध हा शत्रू नव्हे. पण बांध घातला आणि दारे धरलेच नाही, तर काय होईल? पहिला वाफा तुडुंब भरेल आणि शेजारचा करपेल. बांधाची शोभा त्यातील दारामुळे. ज्या बांधास दार नाही, तो वाफ्याचा बांध राहत नाही. तो शेजारच्या पिकाच्या जिवावर उठलेला असतो.

गांडुळातील पडद्यांस अशी दारे आहेत, आणि या गोष्टीकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. पहिली गोष्ट, अन्नाची नळी सर्व पडद्यांतून आरपार जाते. तोंडाने घेतलेला घास शेवटच्या खंडापर्यंत पोहोचतो. दुसरी गोष्ट, रक्ताच्या वाहिन्या सर्व पडद्यांतून आरपार जातात. जे रक्त पहिल्या खंडात तेच शंभराव्या खंडात. तिसरी गोष्ट, पोटाच्या बाजूने एक मज्जातंतूचा दोर डोक्यापासून शेपटीपर्यंत जातो; एका टोकास स्पर्श झाला की त्याची वर्दी दुसऱ्या टोकास लागते. शिवाय, वर सांगितलेल्या जातीत मागच्या भागातील पडद्यांना बारीक छिद्रे असून ती आवळता व सैल करता येतात. पडदे शंभर, पण अन्न एक, रक्त एक आणि वर्दी एक.

आता हाच निकष आपण माणसांमाणसांमधील भिंतीस लावून पाहू. जातिभेदाचे समर्थन करणारे म्हणतात की, प्रत्येक समाजास आपापल्या चालीरीती, आपापला धंदा व आपापले देवधर्म असतात. बांध असावेच लागतात. त्यांस आम्ही विचारतो, तुमच्या बांधास दारे कोठे आहेत? रोटीव्यवहार नाही, म्हणजे अन्न पलीकडे जात नाही. बेटीव्यवहार नाही, म्हणजे रक्त पलीकडे जात नाही. लोटीव्यवहार नाही, म्हणजे पाणीसुद्धा पलीकडे जात नाही. आणि त्याच पाण्यासाठी डॉ. आंबेडकर यांस २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोकांनिशी जावे लागले. वर्दीचे पाहावे तर पलीकडच्या वाड्यात मूल आजारी पडल्याची बातमी अलीकडे येत नाही, आणि आली तरी तिने अलीकडचे कोणी हलत नाही. एका शरीरात पडदे असू शकतात, हे आम्ही मान्य केले. पण ज्या पडद्यातून अन्न, रक्त आणि वर्दी यांपैकी काहीच जात नाही, तो शरीरातील पडदा नव्हे. तो दोन शरीरांमधील भिंत आहे, आणि तीस शरीराचा दाखला देणे खोटे आहे.

हे आम्ही केवळ दुसऱ्यांस उद्देशून लिहीत नाही. नगरास अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. त्यास आता दोन शतके होत आली. या काळात अन्नाचे व पाण्याचे दार आपल्या मंडळ्यांत पुष्कळ उघडले, यात शंका नाही, आणि ते सहज उघडले नाही. लक्ष्मीबाई टिळक यांनी १९३४ सालापासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आपले सोवळेओवळे कसे सुटत गेले, हे कोणताही आडपडदा न ठेवता लिहिले आहे. पती ख्रिस्ती झाल्यावर कित्येक वर्षे त्यांनी आपला सोवळ्याचा संसार वेगळा राखला, आणि तो बांध त्यांच्या मनात आतून फुटला, तेव्हाच खऱ्या अर्थाने फुटला. भाकरीचे दार अशा रीतीने उघडले. परंतु सोयरिकीचे दार? पूर्वाश्रमीची वस्ती विचारल्यावाचून किती ख्रिस्ती घरांत मुलगी देतात? महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय २०२० साली घेतला. पण पाटीवरील नाव बदलणे सोपे आणि मनातील पत्ता बदलणे कठीण, हे आपण आपल्याच मंडळीत पाहतो.

येथे कोणी म्हणेल, "आम्ही कोणास हलके लेखीत नाही. एकमेकांच्या रीती ठाऊक असतात, मुलीस सासरी सोपे जाते, एवढ्यासाठीच आम्ही आपल्यातल्या आपल्यात सोयरीक करतो. यात पाप कोठे आले?" प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही प्रामाणिकपणे देतो. एखाद्या बापाने आपल्या मुलीसाठी ओळखीचे घर पसंत केले, यात दोष नाही. पण त्याने आपल्या मनास एक प्रश्न विचारावा: पलीकडच्या वस्तीतील मुलगा भक्तिमान, शिकलेला, निर्व्यसनी व कष्टाळू निघाला, आणि मुलीचेही मन तेथे असले, तर मी दार उघडीन काय? "उघडीन" असे उत्तर आले, तर तो बांध वाफ्याचा आहे; आज पाणी इकडे आहे, उद्या तिकडे जाईल. "कधीच नाही" असे उत्तर आले, तर सोय हे नुसते निमित्त होते. आत तीच जुनी भिंत उभी आहे आणि वर क्रूस लाविला आहे, इतकेच.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. काम वेगळे असले म्हणजे मूळ वेगळे असावयाचे काय? याची साक्ष देण्यास झिंगा फार चांगला. बाजारातून झिंगे आणले की ते सोलण्यापूर्वी एखादा हातात घेऊन पाहावा. झिंग्याचे शरीरही खंडांचे आहे, पण गांडुळासारखे एकसारखे नाही. डोक्याचे पाच व छातीचे आठ खंड जुळून एका कवचाखाली गेलेले आहेत, आणि पोटाचे सहा खंड मागे स्पष्ट दिसतात, मिळून एकोणीस. प्रत्येक खंडास अवयवांची एक जोडी आहे. पहिल्या दोन जोड्या म्हणजे लांब मिशा; त्यांनी तो चाचपतो. पुढील तीन जोड्यांनी तो चावतो व घास सारतो. त्यानंतरच्या तीन जोड्या घास धरण्यास मदत करतात. मग पाच जोड्या चालण्याच्या, पाच जोड्या पोहण्याच्या, आणि शेवटची जोडी शेपटीच्या पंख्याची. एकोणीस जोड्या व इतकी निरनिराळी कामे.

ज्या विद्वानांनी या जोड्या बारकाईने ताडून पाहिल्या, त्यांस असे आढळले की, या सर्व एकाच आराखड्यावर घडलेल्या आहेत. मिशी, जबडा, पाय आणि वल्हे हे चार निरनिराळ्या जातींचे अवयव नव्हेत. एकच मूळ अवयव जागेप्रमाणे व कामाप्रमाणे निरनिराळा घडला आहे. फ्रेंच विद्वान साव्हिन्यी याने किड्यांच्या तोंडाच्या अवयवांविषयी हे १८१६ साली दाखविले, आणि हक्सले याने १८८० साली गोड्या पाण्यातील झिंग्यासारख्याच एका जीवावर संबंध पुस्तक लिहून ते सामान्य वाचकांस समजाविले. अलीकडच्या शास्त्राने तर याचे कारणही शोधून काढले आहे. शरीराच्या प्रत्येक खंडास "तू अमुक हो" असे सांगणारी काही जनुके असतात. माशीच्या अंड्यात शरीराचे खंड कसे पडतात व कसे ओळखले जातात, याच्या शोधाबद्दल लुईस, न्युस्लाइन-फोलहार्ड व व्हीशाउस या तिघांस १९९५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे २०१६ साली समुद्रातील झिंग्याच्या एका लहानशा भाऊबंदात ही जनुके एकेक करून बंद करून पाहिली, तेव्हा एका जातीच्या अवयवाच्या जागी दुसऱ्या जातीचा अवयव उगवला. म्हणजे जो जबडा झाला तो पाय होऊ शकला असता, आणि जो पाय झाला तो दुसरे काही.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून पुरुषसूक्ताच्या देहाची आठवण करावी. "मुख मुळातच निराळे आणि पाय मुळातच निराळे" हा ज्याचा आधार, त्या मताविरुद्ध नदीतील झिंगा उभा राहतो. त्याचे मुख आणि त्याचे पाय ही सख्खी भावंडे आहेत. काम वेगळे, जागा वेगळी, आकार वेगळा, आणि मूळ मात्र एक. फार दूर जावयास नको; आपल्या पाठीवरून हात फिरवून पाहावा. माणसाच्या कण्याचे मणकेही अशाच एकामागून एक खंडांतून बनतात: मानेचे सात, छातीचे बारा, कमरेचे पाच, आणि त्यांखाली जुळून गेलेले. छातीच्या मणक्यांस बरगड्या आहेत, मानेच्या मणक्यांस नाहीत. तरी मणका तो मणकाच. ओझे उचलणारा कमरेचा मणका मानेच्या मणक्याहून हलक्या कुळाचा आहे, असे कोणता वैद्य म्हणेल?

यावरून पौलाच्या उपमेतील फरकही नीट ध्यानात येतो. पौलाने डोके आणि पाय दोन्ही सांगितले, पण त्यांची उतरंड लाविली नाही. उलट डोक्यास पायांविषयी तुमची गरज नाही असे म्हणता येत नाही, हे त्याने स्पष्ट केले. जे अवयव आपण कमी योग्यतेचे मानतो त्यांसच अधिक मान दिला पाहिजे, असे त्याने शिकविले. आणि एकाचे दुःख ते सर्वांचे दुःख, ही खूण त्याने ठरवून दिली. शिवाय इफिस व कलस्सै येथील मंडळ्यांस लिहिलेल्या पत्रांत मंडळीचे मस्तक ख्रिस्त आहे, असे सांगितले आहे. ज्या शरीराचे मस्तक ख्रिस्त आहे, त्यात मस्तकाची जागा रिकामी नाही. ती पाळकासही मिळावयाची नाही, पंचासही नाही, आणि ज्याच्या आजोबाने प्रथम बाप्तिस्मा घेतला त्या घराण्यासही नाही. तेव्हा "आम्ही कोणता अवयव?" या शंकेस आमचे उत्तर असे: आज तुम्ही जे काम करता तो तुमचा अवयव, पण ते काम तुमच्या कपाळावर कोरलेले नाही, आणि त्यावरून तुमचे मोल ठरत नाही. आज उपासनागृह झाडणाऱ्याचा मुलगा उद्या वचन सांगेल, आणि वचन सांगणाऱ्याने परवा झाडू घेतला, तर त्याचे काही कमी होणार नाही.

गांडुळाकडून आणखी एक गोष्ट आम्ही आमच्या उपदेशक बंधूंसाठी घेतो. त्याच्या डोक्यात मेंदूची एक लहानशी गाठ आहे. पण पोटाच्या दोरावर जवळजवळ प्रत्येक खंडात आणखी एकेक गाठ आहे, आणि त्या खंडाचे हलणे बहुतांशी तीच चालविते. अमेरिकेतील यर्क्स नावाच्या विद्वानाने १९१२ साली एका गांडुळास एका फाट्यावर ठरावीक बाजूस वळण्याची सवय लाविली, आणि मेंदूसह पुढचे काही खंड काढून टाकल्यावरही ती सवय टिकली. ज्या खेड्यात पाळक महिन्यातून एकदा येतो, तेथील कित्येक मंडळ्या तो येईपर्यंत निजून असतात. प्रार्थना नाही, आजाऱ्याची भेट नाही, मुलांचा शब्बाथवर्ग नाही. ज्या मंडळीचे सर्व चैतन्य एका पाळकाच्या ठायी साठविले आहे, ती गांडुळाइतकीही सिद्ध नाही, हे सांगावयास आम्हांस संकोच वाटत नाही. प्रत्येक घरात एक गाठ जागी असली पाहिजे: एक वाचणारा, एक प्रार्थना करणारी, एक विचारपूस करणारा. मात्र त्या सर्व गाठी एकाच दोरावर असाव्या. नाही तर दहा घरांत दहा पंथ होतील.

नुसता सारखेपणा म्हणजे ऐक्य नव्हे, याचेही उदाहरण याच तऱ्हेच्या जीवांत आहे, आणि ते भयंकर आहे. माणसाच्या आतड्यात राहणारा फीतकृमी पुष्कळांनी ऐकला असेल. तोही खंडांच्या माळेसारखा दिसतो. कित्येक जातींत शेकडो तुकडे असतात, आणि पिकलेले तुकडे एकमेकांची हुबेहूब नक्कल असतात. पण त्यास तोंड नाही व अन्नाची नळीही नाही. प्रत्येक तुकडा ज्याच्या पोटात आहे त्याचे अन्न आपापल्या कातडीने शोषून घेतो, आणि पूर्ण वाढला की मागून गळून पडतो. म्हणून प्राणिशास्त्रज्ञ त्याच्या तुकड्यांस गांडुळाच्या खंडांच्या पंक्तीस बसवीत नाहीत. ज्या मंडळीत प्रत्येक कुटुंब संस्थेकडून, सरकारी योजनेतून किंवा निवडणुकीत आलेल्या पुढाऱ्याकडून आपापले शोषून घेते, पण एका घरातून दुसऱ्या घरी दुष्काळात पायलीभर जोंधळाही जात नाही, ती मंडळी बाहेरून एकाच रांगेत बसलेली दिसली, तरी तिचे खंड कोणत्या जीवाचे आहेत, हे वाचकांनीच ठरवावे.

तर मग सर्व बांध मोडून टाकावे काय? काही उत्साही लोक तसे म्हणतात. पण पुष्कळदा त्यांचा अर्थ इतकाच असतो की, सर्वांनी आमच्यासारखे व्हावे. मंडळीतील बळकट गटाची चाल ती सर्वांची चाल, त्याची बोली ती शुद्ध, त्याची भजनाची तऱ्हा ती योग्य, आणि दुबळ्यांनी आपले सर्व सोडून त्यात विरघळून जावे, यास ऐक्य म्हणणे हा ऐक्याचा अपमान आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर हिंदुस्थानची मंडळी झाली, तेव्हा हा प्रश्न बाप्तिस्म्याच्या बाबतीत उभा होता. कोणी बालकांस बाप्तिस्मा देत असत. कोणी समज येऊन विश्वास पत्करलेल्यांसच देत असत. एकाने दुसऱ्यास गिळले नाही. दोन्ही रीती मंडळीत मान्य झाल्या, आणि मेज एकच राहिले. तो पडदा राहिला, पण त्यातून भाकर आणि प्याला आरपार जातो. राखावयाचा बांध कोणता, हे ओळखण्याची खूण हीच.

शेवटी, फुटीविषयी. गांडुळाचे दोन तुकडे केले म्हणजे दोन गांडुळे होतात, अशी समजूत सर्वत्र आहे, आणि ती बहुधा खोटी आहे. डोक्याकडचा भाग पुरेसा लांब असला, तर कित्येक जातींत तो नवी शेपटी वाढवून जगतो. मागचा भाग बहुतकरून काही काळ वळवळतो व मरतो. त्या वळवळीस पाहणारे जीवन समजतात. मंडळीत पंचांची निवडणूक, जमिनीचा तुकडा किंवा एखादा उणा शब्द एवढ्यावरून फूट पडते, आणि दोन्ही पक्ष म्हणतात, आता आम्ही स्वतंत्रपणे वाढू. वेगळे बसणे क्वचित विवेकासाठी आवश्यक होते, हे आम्ही नाकारीत नाही. सत्यासाठी वेगळे व्हावे लागले, तर व्हावे. पण रागाने तुटलेल्या भागाची पहिल्या वर्षातील धामधूम पाहून ते चैतन्य आहे असे कोणी मानू नये. तीन वर्षांनी तेथे कोणाची प्रार्थना चालू आहे, ते पाहावे.

आमची वाचकांस विनंती अशी की, या अंकाच्या वाचनानंतर येणाऱ्या पंचसभेत तीनच गोष्टींची चौकशी व्हावी. आपल्या मंडळीत अन्न शेवटच्या घरापर्यंत जाते काय? सोयरिकीचा निरोप कोणत्या घराच्या दारावरून नेहमी पुढे जातो? आणि पलीकडच्या वस्तीत कोणी आजारी पडले, तर अलीकडे किती दिवसांनी कळते? ही चौकशी करण्यास कोणा विद्वानाची गरज नाही, आणि तिची उत्तरे सर्वांस ठाऊक आहेत. जेथे दार मातीने बुजले आहे असे आढळेल, तेथे ते उघडण्याचे काम ज्याच्या वाफ्यात पाणी आहे त्याने प्रथम हाती घ्यावे; कारण कोरड्या वाफ्याकडून बांध फोडला गेला, तर त्यास लोक भांडण म्हणतात, आणि भरल्या वाफ्याने दार उघडले, तर त्यास प्रीती म्हणतात. प्रभू आम्हां सर्वांस ती प्रीती देवो.